खारेपाटाची जमीन : बिघडते कशी, सुधारते कशी



पेण म्हटले की आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मूर्ती येतात आणि पाठोपाठ पापड येतात. रोहे म्हटले की कुंडलिकेचा काठ आठवतो. ही दोन्ही गावे आपण महामार्गावरून किंवा आगगाडीतून पाहिलेली असतात. परंतु पेणच्या बाजारपेठेतून पश्चिमेकडे तोंड करून आपण चालू लागलो, तर तासाभरात एका निराळ्याच मुलखात शिरतो. झाडी संपते, डोंगर पाठीमागे राहतो, विहिरी दिसेनाशा होतात आणि समोर नजर पोहोचेल तिथवर सपाट, करडी जमीन लागते. हा खारेपाट. उत्तरेस पाताळगंगा, दक्षिणेस अंबा, मध्ये भोगावती. आणि ह्या सगळ्यांच्या मुखांतून दिवसातून दोनदा आत येणारा समुद्र. पावसाळ्यात चारी बाजूंना पाणी साचले म्हणजे इथली गावे नकाशात काहीही असोत, प्रत्यक्षात बेटेच होतात. आमचा जन्म अशाच एका बेटावरचा. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते थोडे पुस्तकातले आणि बरेचसे चिखलातले आहे.

आजचा विषय बिघडलेल्या जमिनीचा आहे. जमीन बिघडते म्हणजे काय होते, ती पुन्हा वापरात कशी आणतात, आणि आणता येत असूनही आपण ती का आणत नाही, असे तीन प्रश्न आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. पहिल्या दोहोंची उत्तरे शास्त्राने आणि आमच्या वाडवडिलांनी दिलेली आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपणां सर्वांकडे आहे.

प्रथम ही जमीन झाली कशी ते पाहू. खारेपाटातली शेते निसर्गाने दिलेली नाहीत. ती माणसांनी खाडीकडून मागून घेतली आहेत. जिथे भरतीचे पाणी येऊन जात असे तिथे चिखलाचा बांध घालायचा, भरती बाहेर अडवायची, आणि आतल्या जमिनीवर पावसाचे गोडे पाणी साठवून तिच्यातले मीठ धुऊन काढायचे, हा तो उद्योग. खाडीकडच्या मोठ्या बांधाला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. त्या बांधात जागोजाग उघाडी असते. उघाडी म्हणजे पाणी बाहेर सोडण्याचे दार. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते आणि शेतातले जादा पाणी खाडीत जाते; भरती आली की बाहेरच्या दाबाने ते मिटते. ज्याने हे दार पहिल्यांदा बसविले त्याला भौतिकशास्त्राची पदवी नव्हती. पण समुद्राकडूनच समुद्राला कडी घालून घेण्याची त्याची युक्ती आजही चालते.

बांध आहे तोवर सगळे ठीक. पण मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढते, आणि वरून श्रावणातला पाऊस व पश्चिमेचा वारा असला म्हणजे बांधाची परीक्षा होते. एखाद्या खेकड्याने पाडलेले बीळ पुरते. त्यातून आधी करंगळीएवढी धार लागते, मग मनगटाएवढी, आणि पहाटेपर्यंत बांध वाहून गेलेला असतो. ह्याला आमच्याकडे खांड गेली असे म्हणतात. खांड जाणे हा शब्द खारेपाटात घरातले माणूस जाण्याच्या सुरातच उच्चारला जातो.

खांडीतून आत आलेल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी शेतात पसरते, मुरते, आणि उन्हाने आटले की मीठ मागे ठेवून जाते. मातीत मीठ वाढले म्हणजे भाताच्या मुळांना पाण्यात उभे राहूनही पाणी ओढता येत नाही. तळ्याच्या काठी तहानेने मरावे तशी रोपाची गत होते. दुसरे नुकसान सावकाशीचे असते. मिठातले सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसते. मग वरचे मीठ धुपले तरी ती माती ओली असता लोण्यासारखी आणि वाळली असता दगडासारखी होते, तिच्यातून पाणी खाली उतरत नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की मीठ खाली गेले तरी ते तिथे स्वस्थ बसत नाही. फाल्गुन-चैत्रात ऊन तापले की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे खारे पाणी वर चढते आणि जमिनीवर पांढरी साय धरते. म्हणून खारजमीन एकदा सुधारली आणि काम संपले असे कधी होत नाही. ती दरवर्षी सुधारावी लागते.

आता सुधारण्याचा मार्ग. खांड बुजविली, बांध पक्का केला, की पुढचे काम पावसाचे. जाणकारांचा एक ठोकळ हिशेब असा आहे की एक फूट जाडीच्या मातीतून एक फूट गोडे पाणी खाली झिरपले तर तिच्यातले सुमारे चार-पंचमांश मीठ निघून जाते. पेण-रोह्याकडे पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट. देवाने दिलेला एवढा मोठा धुणारा जगात फार थोड्यांना लाभला असेल. मात्र अट एकच. ते पाणी जमिनीवरून नुसते वाहून जाता कामा नये. ते शेतात तुंबले पाहिजे, मुरले पाहिजे आणि मग उघाडीतून बाहेर गेले पाहिजे.

आमचे आजोबा मृगाच्या पावसानंतर उघाडीपाशी जात, ओंजळीत पाणी घेत, जिभेला लावीत आणि थुंकून टाकीत. "अजून खारट हाय," असे म्हटले की दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचे आणि नवे साठवायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस ते ओंजळ गिळून टाकीत. त्या दिवशी घरात बियाणे भिजत पडे. मोड आलेले बी चिखलावर फेकून पेरायचे, त्याला रहू म्हणतात. कारण खारजमिनीत कोवळे रोप उपटून पुन्हा लावले तर ते धक्का सोसतेच असे नाही. बी तरी कोणते? काळा रता, भुरा रता अशी तांबड्या दाण्याची जुनी भाते, मिठाला दाद न देणारी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ह्या जातींवर अभ्यास केला आणि पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी सुधारित वाणे दिली. हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. आजोबांची जीभ आणि केंद्राचे यंत्र ह्यांत भांडण नाही. यंत्र आकडा सांगते, जीभ वेळ सांगत असे.

हे दुःख आमच्या एकट्याचे आहे असे मात्र कोणी समजू नये. हॉलंडमधील वाल्चेरन हे बेट समुद्रसपाटीच्या खाली वसलेले. १९४४ च्या ऑक्टोबरात, जर्मन सैन्याला हुसकावण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी त्याचे बांध बाँब टाकून फोडले. वर्षाहून अधिक काळ समुद्र तिथल्या शेतांतून ये-जा करीत होता. १९४६ च्या आरंभी शेवटची खांड बुजली. मग तिथल्या तज्ज्ञांनी शेतकऱ्यांना सांगितले की घाईने नांगर घालू नका, आधी पावसाला मीठ धुऊ द्या. आणि जमिनीत जिप्सम घाला, म्हणजे त्यातला चुना सोडियमला हुसकावून लावील. १९५३ च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राचा महापूर येऊन १८३६ माणसे दगावली, तेव्हाही हाच धडा पुन्हा उपयोगी पडला. जिप्सम आपल्या जमिनीस हवे की नको हे माती तपासूनच ठरवावे. परंतु धीर धरण्याचा धडा सर्वत्र सारखा आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. २५ मे २००९ रोजी आयला वादळाने बंगालच्या सुंदरबनातील बेटांचे बांध फोडले आणि गावेच्या गावे खाऱ्या पाण्याखाली गेली. त्या भागातील कॅनिंग येथील क्षारजमीन संशोधन केंद्राने एक साधी रीत रुजविली. शेताच्या सुमारे पाचव्या हिश्शात तळे खणायचे, निघालेल्या मातीने उरलेल्या जमिनीचा काही भाग उंच करायचा. तळ्यात पावसाचे गोडे पाणी आणि मासे, उंचवट्यावर भाजी, सखलात भात. उंच केलेल्या जमिनीत खालचे मीठ वर येत नाही आणि उन्हाळ्यात पाणी हाताशी राहते. आमच्या खारेपाटातही शेततळ्यांत जिताडे पाळण्याची चाल जुनी आहे. पाहुण्याला जिताड्याचे कालवण वाढल्याशिवाय आमच्याकडे पाहुणचार पुरा होत नाही. तेव्हा ही रीत आम्हांस परकी नाही. ती वाढवावयाची आहे इतकेच.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ज्ञान आहे, पाऊस आहे, बियाणे आहे. मग पेणच्या खारेपाटात एके काळची पिकती शेते आज खाजण होऊन का पडली?

ह्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी एका बांधाच्या आश्रयाने असणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक जोळ असे. खांड गेली की घरटी माणूस, कुदळ आणि पेंढा घेऊन बांधावर हजर. गरीब-श्रीमंत हा भेद नसे, कारण समुद्र तो पाळीत नाही. मात्र जमीन बहुधा खोताची आणि घाम कुळाचा, अशी स्थिती होती. ह्या अन्यायाविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला, त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा लाभला. पुढे १९४८ साली कूळकायदा आला आणि कसणारा जमिनीचा धनी होण्याचा मार्ग मोकळा झाला. हे उत्तमच झाले. परंतु एक गोष्ट राहून गेली. जमिनीला वारस मिळाला, बांधाला मिळाला नाही. खोत निघून गेले, आणि सरकार आहे असे म्हणता म्हणता जोळही हळूहळू विसविशीत झाली. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनीचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने खारजमीन विकास अधिनियम केला, योजना आखल्या, बांध बांधले. परंतु काही बांध सरकारी आणि काही खासगी असा भेद कागदावर पडला. खांड सरकारी बांधाला जाते की खासगी, हे पाण्याला कळत नाही. कचेरीला मात्र आधी तेच कळावे लागते.

आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आम्ही लहान असताना आषाढी अमावास्येच्या रात्री आमच्या बांधाला खांड गेली. पहाटे हाक पडली. बांबूचे खुंट, पेंढा आणि चिखल ह्यांनी ओहोटीच्या चार-चार तासांत काम करीत लोकांनी येत्या पौर्णिमेच्या आधी ती बुजविली. त्या वर्षी अर्धे पीक हाती लागले, पुढच्या वर्षी पुरे. पुष्कळ वर्षांनी त्याच बांधाला पुन्हा खांड गेली. तोवर गावातले तरुण कामधंद्यानिमित्त मुंबईला गेले होते, आम्हीही त्यांतलेच. आम्ही अर्ज केला. एका कचेरीने सांगितले की हा बांध आमच्या यादीत नाही. दुसरीने सांगितले की पाहणी करावी लागेल. पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, ते परत आले. ह्यात किती पौर्णिमा गेल्या ते आम्ही मोजले नाही. पण चौथ्या वर्षी शेतावर गेलो तेव्हा आमच्या भाताच्या खाचरात कमरेएवढी तिवरे उभी होती.

ही तिवरे उगवली म्हणजे प्रश्न संपतो असे नाही, तो बदलतो. कांदळवन हे किनाऱ्याचे रक्षण करते, माशांची पिल्ले जोपासते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने त्याची तोड थांबविली, हे योग्यच केले. आमचे वडीलधारे बांधाच्या बाहेर तिवरांचा पट्टा मुद्दाम राखीत, कारण लाटेचा पहिला मार तो खातो. परंतु बांधाच्या आत, मालकाच्या इच्छेविरुद्ध, केवळ एका न बुजविलेल्या खांडीमुळे उगवलेली तिवरे त्या शेतकऱ्याची सातबारावरची जमीन त्याच्या हातून काढून घेतात. तोडावी तर गुन्हा, न तोडावी तर उपास. आणि तिवरे न उगवली तर दुसरे संकट असते. कोणीतरी येऊन म्हणतो, ही जमीन पडीकच आहे, हिचा कारखान्याला उपयोग होऊ द्या. जमीन आधी पडीक पडू द्यायची आणि मग पडीक म्हणून मागायची, ह्या न्यायाला काय म्हणावे? २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही ह्यावर सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले, तेव्हा नकार देण्यासाठी लोक रांगा लावून उभे राहिले. ज्यांची जमीन आम्ही निरुपयोगी म्हणतो, त्यांना ती तशी वाटत नव्हती.

येथवर मिठाबद्दल बोललो. मीठ हा मानी शत्रू आहे. तो समोरून येतो, जिभेला कळतो आणि पावसाने जातो. आता रोह्याकडे वळू, कारण तिथे दुसरा शत्रू आहे.

कुंडलिकेला एक भाग्य लाभले आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून भिरा येथील वीजघरात उतरते आणि तेथून ह्या नदीत येते, म्हणून ती बारमाही वाहते. ह्या पाण्यामागे मुळशीच्या लोकांचा त्याग आहे; सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी केलेला सत्याग्रह आपण विसरू नये. डोलवहालच्या बंधाऱ्यावरून हेच पाणी कालव्यांनी शेतांना जाते. नदीच्या काठी धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाली, रासायनिक कारखाने आले, अनेकांच्या चुली पेटल्या. आणि २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्राच्या ५३ पट्ट्यांत कुंडलिकेचेही नाव आले.

इथे एक भेद ध्यानी घ्यावा. समुद्राचे मीठ धुऊन पुन्हा समुद्रात सोडता येते. ते त्याचेच असते. परंतु जड धातू आणि न कुजणारी रसायने मातीच्या कणांना धरून बसतात. ती पावसाने धुतली जात नाहीत, आणि धुतली गेलीच तर खालच्या गावात जातात. ही सफाई नव्हे, ही शेजाऱ्याच्या दारात केर लोटणे झाले. अशा ठिकाणी पहिले काम मूळ तोंड बंद करण्याचे, दुसरे माती तपासण्याचे, आणि तिसरे ती माती उचलण्याचे किंवा झाकण्याचे. हे तिसरे काम किती महाग पडते त्याची कथा जपानातील तेशिमा बेटाची आहे.

तेशिमा हे आतल्या समुद्रातले लहानसे बेट. तिथे एका व्यवसायिकाने वर्षानुवर्षे कारखान्यांचा विषारी कचरा आणून ओतला. १९९० साली पोलिसांनी तो थांबविला. व्यवसायिक गेला, कचरा राहिला. १९९३ मध्ये बेटावरील ५४९ रहिवाशांनी दाद मागितली. जून २००० मध्ये तडजोड झाली आणि प्रांताच्या गव्हर्नरांनी बेटवासीयांची क्षमा मागितली. मग २००३ पासून बोटीत भरभरून तो कचरा शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन भट्टीत जाळण्यात आला. हे काम २०१७ पर्यंत चालले आणि सुमारे ९ लाख टन माल हलविला गेला. ओतायला काही वर्षे लागली, काढायला पाव शतक गेले. मात्र त्याच बेटावर पडीक झालेली डोंगरउतारावरची भातखाचरे लोकांनी पुन्हा लागवडीला आणली. ज्यांनी कचऱ्यासाठी भांडण केले त्यांनी भातासाठी कष्टही केले. आम्हांला ह्यात पुष्कळ शिकण्यासारखे वाटते.

आता समारोप करतो. आमचे सांगणे थोडक्यात असे. समुद्र माणसाला पंधरा दिवसांची मुदत देतो. एका उधाणाला खांड गेली की दुसऱ्या उधाणापर्यंत ती बुजविता येते. ती मुदत चुकली की पाणी तिला रुंद करते, आणि मग शेकड्यांचे काम लाखांवर जाते. जी व्यवस्था पंधरा दिवसांत हलत नाही ती खारेपाटाच्या उपयोगाची नाही, मग तिच्या तिजोरीत कितीही पैसा असो. म्हणून प्रत्येक बांधाची, सरकारी असो की खासगी, एकच नोंद असावी आणि तो कोणी राखायचा हे गावच्या चावडीवर लिहिलेले असावे. खांड बुजविण्यापुरता पैसा गावाच्या हाती आगाऊ असावा. हिशेब मागाहून चोख घ्यावा. खांडीमुळे पाण्याखाली गेलेल्या जमिनीवर पडीक असा शिक्का मारण्यापूर्वी ती का पडली ह्याची चौकशी व्हावी. आणि नदीकाठच्या शेतांची माती-पाणी दरसाल तपासून निकाल लोकांच्या भाषेत लोकांपुढे ठेवावेत.

ही झाली सरकारची कामे. आमचेही एक काम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली आहे आणि चढतेच आहे. उद्याचे बांध आजच्याहून उंच लागतील. ते यंत्र बांधील हे खरे. पण खेकड्याचे बीळ पाहायला यंत्र रोज बांधावर फिरत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि तो बांध आपला आहे असे मानणारा माणूस लागतो. जोळ मोडली ती कायद्याने नव्हे. आम्ही मुंबईला आलो आणि मागे वळून पाहिले नाही, म्हणून मोडली. हा दोष आम्ही प्रथम स्वतःकडे घेतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही आजोबांच्या त्या उघाडीपाशी जाऊन आलो. दाराची फळी कुजली आहे, दगड मात्र जागेवर आहेत. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले. खारटच होते. पण ते खारट आहे हे जोवर आमच्या जिभेला कळते, तोवर ती जमीन मेली असे आम्ही म्हणणार नाही.